बिनतेलाचं घड्याळ

सून: नाही बाबा, माझ्या डोळ्यांचा दोष नाही हा. सकाळपासून घड्याळ मागेच पडतंय. कालपर्यंत वेळ तपासायच्या यंत्रावरची रेघ कशी सरळ होती, आता बघा. घसरगुंडीसारखी खाली चाललीय.

सासरे: यंत्राचं काय घेऊन बसलीस. यंत्राचाही एखादा दिवस वाईट असतो.

सून: यंत्र ठीक आहे. तुमच्या मनगटावरचं काढून त्याच्यावर ठेवलं ना मघाशी? त्याची रेघ सरळ आली. मी बनवलेलं घड्याळच मागे पडतंय. आणि चार वाजता ते तपासायला न्यायला चाचणीघराचा माणूस दारात उभा राहणार.

सासरे: चारला अवकाश आहे अजून. पाणी पी आधी. तोंड बघ कसं झालंय.

सून: गेले कित्येक दिवस शहाण्यासारखं चाललं होतं हो. उभं ठेवलं, आडवं ठेवलं, पालथं ठेवलं, फ्रीजमध्येसुद्धा ठेवलं. आणि नेमकी आजच याला काय धाड भरली?

सासरे: आवाज मात्र लंगडा आहे हं त्याचा. एक ठोका जड, एक हलका. मी म्हणणारच होतो तुला.

सून: बाबा, तो तसाच असतो. काल सांगितलं ना.

सासरे: काल?

सून: परवाही सांगितलं.

सासरे: मग परत सांग. उद्या चाचणीघरवाल्यांनी विचारलं तर घडाघडा बोलता आलं पाहिजे. समज, मीच परीक्षक आहे. चष्मा नाकावर, कपाळाला आठ्या. हं, बोला बाई. या घड्याळात नवीन काय केलंत?

सून: आत्ता? माझा जीव इथे टांगणीला लागलाय आणि तुम्हाला परीक्षा सुचतेय.

सासरे: बोलताना माणसाला चूक सापडते. मी स्वतः अशाच काढल्यात कितीतरी. तुझ्या सासूला समोर बसवायचो आणि सांगत सुटायचो. ती बिचारी भाजी निवडत ऐकायची. तिला काही कळायचं नाही, मला कळायचं.

सून: बरं. ऐका. घड्याळाच्या स्प्रिंगमध्ये जोर भरलेला असतो. तो तसाच मोकळा सोडला तर काटे गरगर फिरतील आणि खेळ खलास. म्हणून मध्ये एक दारवान लागतो. ती एस्केपमेंट. चाकाचा एक दात सोडायचा, थांबवायचा. परत एक सोडायचा, थांबवायचा.

सासरे: तीच टिकटिक. पुढे.

सून: आणि दात सोडता सोडता बॅलन्सला, त्या मागेपुढे फिरणाऱ्या चकतीला, जरासा धक्का द्यायचा, म्हणजे ते झुलत राहतं. खरी वेळ कोण मोजतं? ते झुलणारं बॅलन्स. बाकी सगळी मंडळी त्याच्या वाटेत येणारी.

सासरे: हे आवडलं मला. लिहून ठेव.

सून: मग चांगली एस्केपमेंट कोणती? जी बॅलन्सच्या वाटेत कमीत कमी येते ती. आपण आपल्या चिमणीला बागेत झोका देतो, आठवतं? पोर खाली मधोमध आली की एक धक्का द्यायचा आणि हात काढून घ्यायचा. पुढचं झोका बघून घेतो. सारखा हात लावत बसलं तर झोका अडखळतो आणि पोरगी चिडते.

सासरे: चिडते कसली, डोळे वटारते. आईवर गेलीय. पण बाई, नेहमीच्या घड्याळातली लिव्हर, ती दात अडवणारी दांडी, तरी दुसरं काय करते? लिव्हरची घड्याळं दुरुस्त करूनच हे घर चाललं. तिच्यात काय खोट दिसली तुम्हाला?

सून: खोट नाही. पण लिव्हरमध्ये चाकाचा दात तिच्या टोकाच्या खड्यावरून घसरत घसरत धक्का देतो. घसरणं आलं की तेल आलं. तेल आज पातळ असतं, वर्षा-दोन वर्षांनी चिकट होतं, थंडीत आणखी चिकट. तेल म्हातारं होतं आणि घड्याळाचा स्वभाव बदलतो.

सासरे: माणसाचंही तसंच आहे. पुढे बोल.

सून: माझ्या घड्याळात दात घसरत नाही. तो बॅलन्सवरच्या खड्याला सरळ जाऊन टेकतो आणि ढकलतो. दाराला तळहात लावून ढकलावं तसं. लिव्हर ठेवलीय, पण ती नुसतं कुलूप. चाक अडवायचं आणि सोडायचं, बस्स. घसरणं नाही, म्हणून तेलही नाही. आणि धक्का फक्त जाताना, येताना नाही. म्हणून एक ठोका जड आणि एक हलका. लंगडत नाहीये ते, त्याची चालच तशी आहे.

सासरे: थांबा बाई. सरळ धक्का जुन्या जहाजांवरच्या घड्याळांतही होता. ती पेटीत आडवी ठेवायची, गाद्यागिरद्यांवर. मनगटाला बांधून कुणी हात झटकला असता तर कुलूप निसटून काटे पळत सुटले असते. तुमचं नाही का निसटत?

सून: म्हणून तर लिव्हर ठेवली ना! कुलपाच्या खड्यांना थोडा उतार दिलाय. चाकच लिव्हरला आत ओढून धरतं. हादरा बसला तरी सुटत नाही. इतकी वर्षं गेली माझी त्यातच.

सासरे: पास. पैकीच्या पैकी.

सून: तुम्ही केलंत पास. घड्याळाला कोण करणार? आणि यंदा नाही तर कधीच नाही, बाबा. पुढच्या वर्षापासून ते चावीची घड्याळं तपासायलाच घेणार नाहीत. यंत्रं विकायला काढलीत त्यांनी. आज जर मी हे असं मागे पडणारं त्यांच्या हातात दिलं, तर माझी एस्केपमेंट चालत नाही, एवढंच कायमचं उरेल.

सासरे: असं काही होत नसतं.

सून: होतं. आणि तुम्ही म्हणालात ते खरं झालं. बोलता बोलता सापडलं मला.

सासरे: काय सापडलं?

सून: उतार जास्त झालाय. कुलपाचा खडा चाकाला नको तितका धरून ठेवतोय. तो सोडवताना बॅलन्सला जोर काढावा लागतो. म्हणून झोका लहान झालाय आणि घड्याळ मागे पडतंय. खडा घासते.

सासरे: घासतेस?

सून: हिऱ्याच्या भुकटीवर थोडासा. उतार कमी होईल.

सासरे: अगं, पण घासलेला खडा परत वाढत नाही.

सून: माहीत आहे.

सासरे: दुसरा आहे का?

सून: नाही. हाच किती खटपटीनं बनवलाय ते तुम्ही पाहिलंय. तरी घासते. हात बांधून बसू काय?

सासरे: आज नको. उतार कालही तेवढाच होता की. काल कसं चाललं मग?

सून: तेच तर समजत नाही! पण काहीतरी करायला हवं ना? की तुम्हाला दुसरं काही सुचतंय?

सासरे: मला? मला काय सुचणार. मी आपलं म्हटलं, घाई नको.

सून: घाई नको म्हणे. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांच्या घरात वेळच नाही कुणाकडे.

मुलगा: काय चाललंय? जिन्यापर्यंत आवाज येतोय. जेवलात का दोघं?

सून: तू कसा आलास आत्ता?

मुलगा: पोरांना शाळेत सोडलं, बस लावली कोपऱ्यावर. परत न्यायला वेळ आहे. काय झालं? बाबांनी तुला रडवलं की तू बाबांना?

सून: घड्याळ मागे पडतंय.

मुलगा: किती?

सून: दिवसाला बारा सेकंद.

मुलगा: हात्तिच्या! माझी बस रोज बारा मिनिटं मागे पडते. एक पोर तक्रार करत नाही. उलट खूश असतात.

सून: तू आत्ता गेलास तरी चालेल.

मुलगा: अगं, हसवायला बोललो. बरं, सांग. काल तर उड्या मारत होतीस. आज कुणाची नजर लागली?

सून: कुणी हातसुद्धा लावला नाही. काल रात्री काचेच्या झाकणाखाली ठेवलं ते आज बाजारातून आल्यावर मीच उचललं.

मुलगा: बाजारात कधी गेलीस?

सून: सकाळी. पेटीच्या आतून लावायला मखमल आणायला.

मुलगा: मग दिवा कुणी लावला होता? मी चिमणीला घेऊन निघालो तेव्हा टेबलावरचा दिवा लागलेला होता. मला वाटलं तूच बसलीयस. मी बाहेरूनच ओरडून गेलो, येतो गं म्हणून.

सासरे: मी बसलो होतो. बसायलाही बंदी आहे का आता?

मुलगा: बसायला नाही, बाबा. हात लावायला. ठरलंय ना आपलं?

सासरे: ठरलंय ना. मग कशाला परत परत?

मुलगा: परत परत नाही म्हणत. त्या बाईंचं घड्याळ आठवतं ना? एकच घड्याळ सोमवारी खोलून साफ केलंत, मंगळवारी परत खोललंत, बुधवारी मी बघतोय तर परत चिमटा हातात. त्या बाई दुकानात उभ्या, आणि तुम्ही त्यांना म्हणताय, आजच आलंय तुमचं.

सासरे: साफ झालं की नाही पण? कुणी केलं असतं इतकं स्वच्छ?

मुलगा: तेवढं मात्र खरं. आरसा केला होता त्याचा.

सून: पुरे रे.

मुलगा: मी चेष्टाच करतोय. बाबा, मी काय म्हणतो, तुमची खुर्ची वर नेऊन ठेवतो उद्या. खिडकीपाशी. ऊन येतं, रस्ता दिसतो. इथे बसलात की हात शिवशिवणारच ना.

सासरे: ती टेबलाची खुर्ची आहे. वर टेबल कुठाय? खिडकीत बसून मी काय माणसं मोजू?

मुलगा: मग काय करता येईल ते बघू. आज तुमच्या सूनबाईंचा दिवस आहे. चारला मी नसेन, पोरांना घरी पोचवायचंय. तो माणूस आला की हसून बोल गं त्याच्याशी. असं तोंड करून घड्याळ दिलंस तर तो म्हणेल, यात कुणीतरी वारलंय.

सून: जा तू.

मुलगा: जातो, जातो. जेवून घ्या. भाकरी झाकून ठेवलीय.

सून: दार ओढून घे. धूळ येते. …ऐकलं नाही. बाबा, जरा ते दार ओढता का? बॅलन्स काढतेय मी, हात मोकळा नाही.

सासरे: ओढलं. काढलंस का बॅलन्स?

सून: काढलं. आता लिव्हर काढते, खडा चिकटवलाय ती लाख गरम करते आणि—

सासरे: सूनबाई.

सून: हं.

सासरे: लाख नको गरम करूस.

सून: बाबा, तासाभरात सगळं परत बसवायचंय मला. आता नको म्हणू नका.

सासरे: आधी खड्यावर बघ. तेल आहे का.

सून: तेल कुठून येईल? मी थेंब लावलेला नाही. आत्ताच तर घोकून घेतलंत माझ्याकडून.

सासरे: तू नाहीच लावलंस.

सून: म्हणजे?

सासरे: बघ फक्त.

सून: बाबा. तुम्ही लावलंत?

सासरे: तेच मला कळत नाहीये.

सून: असं कसं कळत नाही? लावलं की नाही लावलं?

सासरे: ओरडू नकोस. तू ओरडलीस की आहे तेही निघून जातं. …सकाळी मी इथे बसलो. दिवा लावला, नुसतं बघायला. हे टिकटिकत होतं. लंगडं आणि कोरडं. जिवाला बरं वाटेना त्या आवाजानं, तहानलेलं जनावर असतं ना, तसं. आणि मग तू दारात उभी, मखमल घेऊन. मधलं काही नाही.

सून: काही नाही म्हणजे?

सासरे: पान फाडून टाकावं तसं. फक्त एवढंच, की तेलाच्या वाटीचं झाकण बाजूला पडलं होतं. आणि तेलाची काडी माझ्या हातात होती. ओली.

सून: ओली होती?

सासरे: पुसली मी. तू चपला काढत होतीस तेवढ्यात. वाटीवर झाकण ठेवलं.

सून: आणि सकाळपासून तुम्ही… मी वेड्यासारखी इथे सगळं उलटंपालटं करतेय, यंत्र तपासतेय, स्वतःला शिव्या घालतेय, आणि तुम्ही समोर बसून मला पाणी पी म्हणताय?

सासरे: हो.

सून: का, बाबा?

सासरे: भीती वाटली. दुसरं काय. काडी मी दुसऱ्या कशासाठी उचलली असेल, असं मनाला समजावत बसलो. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळासाठी असेल. आणि हिशोब सरळ होता ना माझ्या डोक्यात. खड्यावर तेल नसेल, तर तुझं घड्याळ चुकलंय. तेल असेल, तर मी. यातलं काहीच मला नको होतं. म्हटलं, यंत्रच खोटं बोलत असू दे. हात आपले आपण करतात गं. झाकण लावायच्या आधी तेल. जन्मभर तेच केलंय. हातांना कुणी सांगितलंच नाही, की हे घड्याळ वेगळं आहे.

सून: मी सांगितलं होतं. तीनदा सांगितलं होतं.

सासरे: मला सांगितलंस. हातांना नाही.

सून: मी नाही बघत.

सासरे: काय?

सून: नाही बघायचं मला. खडा घासते, उतार कमी करते, विषय संपला. माझाच दोष होता असं समजू.

सासरे: डोकं फिरलंय का तुझं?

सून: तुम्हाला कळतंय का, बघितलं तर काय होईल? उद्या तो खुर्ची वर नेईल. आणि परवा डॉक्टर. आणि मग घरातले सगळे तुमच्याशी हळू आवाजात बोलायला लागतील. मला भीती वाटते त्याची. तुमच्याइतकीच वाटते.

सासरे: आणि मी सांगतो तुला, मला कशाची वाटते. चांगल्या खड्याची तू माझ्यापायी माती करशील याची. खडा बरोबर असेल आणि तू घासलास, तर हे घड्याळ गेलं. आज गेलं, उद्याही गेलं. खुर्चीचं काय, खुर्ची लाकडाची आहे. उचल ते भिंग.

सून: बाबा…

सासरे: उचल म्हणतो ना. बॅलन्सच्या वाटेत यायचं नाही, असं मला कोण शिकवत होतं मघाशी? मी आलोय वाटेत. बाजूला कर आणि बघ.

(सून डोळ्याला भिंग लावून टेबलावर वाकते.)

सासरे: काय आहे?

सून: काही नाही.

सासरे: नीट बघितलंस? दोन्ही खडे?

सून: दोन्ही. तेल नाही. धूळ आहे. एक बारीकसा धागा पण आहे. मखमलीचा असेल.

सासरे: धूळ?

सून: हो. उगाच घाबरलो आपण. माझीच चूक, मखमल इथेच कापत बसले. साफ करते, की झालं.

सासरे: म्हणजे मी नाही.

सून: तुम्ही नाही, बाबा.

सासरे: बरं झालं. …बरं झालं बाई. मग खडा पण घासायला नको.

सून: नको.

सासरे: धूळ निघाली की रेघ सरळ होईल.

सून: होईल.

सासरे: फुंकणी तुझ्या डाव्या हाताला आहे बघ. रबराची.

सून: दिसली. घेते.

सासरे: सूनबाई, माझं डोकं गळतंय, पण नाक शाबूत आहे अजून. बेंझिनची बाटली उघडलीस तू. धूळ फुंकरीनं जाते. बेंझिन तेलाला लागतं. हे मीच शिकवलंय तुला, याच टेबलावर.

सून: का असं करता हो तुम्ही? एवढं एक खोटं बोलले, ते तरी पचू द्यायचं.

सासरे: रडू नकोस. टेबलावर तर अजिबात नको, मीठ असतं त्यात, गंज चढतो. हा रुमाल घे. …किती आहे?

सून: दोन्ही खड्यांवर. आणि दातांवर. पण बाबा, कसं लावलंय माहीत आहे? एवढासा थेंब. न सांडता, न पसरता, बरोबर कडेला. मला नाही जमत असं.

सासरे: काय सांगतेस.

सून: खरंच. एवढं सुंदर लावलेलं पुसायला जिवावर आलंय.

सासरे: पूस, पूस. चुकीच्या जागी सुंदर लावून काय उपयोग. आणि आधी चाक धू, मग लिव्हर. खड्यांची लाख सांभाळ, ती विरघळली तर सगळंच मुसळ केरात. पटकन बुडवायचं, पटकन काढायचं. मी बोलू का, की गप्प बसू?

सून: बोला. तुम्ही बोललात की माझा हात नीट चालतो.

सासरे: मग बोलतो. तुझी सासू म्हणायची, याला बोलायला घड्याळ लागतं, माणूस नाही लागत. चिमट्यानं मधोमध धर. हं. आता हवेवर वाळू दे. फुंकर मारू नकोस तोंडानं, श्वासात ओल असते.

सून: वाळलं. भिंगातून बघितलं. स्वच्छ आहे.

सासरे: परत बघ.

सून: परत बघितलं.

सासरे: किती वाजले? नाही, भिंतीवरचं दिसतंय मला. साडेतीन. बसव आता. लिव्हर आधी. …बॅलन्स नीट उतरलं का?

सून: उतरलं. शेवटचा स्क्रू.

सासरे: चालू झालं?

सून: हे आपोआप चालू होत नाही ना. थांबलं की याला मनगटानं एक हलका झटका द्यावा लागतो. धक्का सरळ असल्याचा हा तोटा. …घ्या.

सासरे: काय घ्या?

सून: तुम्ही द्या झटका.

सासरे: माझ्या हातात देतेस? आत्ता? भीती नाही वाटत?

सून: वाटते. धरा.

सासरे: …असा?

सून: आणखी थोडा. मनगटातून.

सासरे: गेलं! चाललं. थांब, कानाला लावू दे.

सून: काय म्हणतंय?

सासरे: लंगडतंय. आणि कोरडं आहे ठार.

सून: म्हणजे बरोबर आहे का?

सासरे: माझ्या कानाला नाही वाटत बरोबर. यंत्रावर ठेव. तू रेघ बघ, माझ्या कानाचं नको ऐकूस.

सून: ठेवलं. …अजून ठरत नाहीये. थोडं थांबू या.

सासरे: मला बघवत नाही. तूच सांग.

सून: बाबा.

सासरे: काय? वाकडी?

सून: सरळ. काल होती तशी. सरळ आहे, बाबा!

सासरे: मग माझ्या हातून दुसरं काही झालं नाही ना आत? नीट बघ. एखादा स्क्रू बिक्रू?

सून: काही नाही. सगळं जागच्या जागी आहे. झाकण बसवते मागचं.

सासरे: बसव. मी हात मागे बांधून उभा राहतो. …आणि ही घे. तेलाची वाटी आणि काड्या. तुझ्या खणात ठेव. कुलूप लाव. किल्ली माझ्यासमोर ठेवू नकोस. मी मागितली तरी देऊ नकोस, मी चिडलो तरी.

सून: ठेवते. पण खुर्ची वर जाणार नाही. मी सांगते त्याला.

सासरे: त्याला खरं सांग. आज काय झालं ते सगळं. माझ्यादेखत सांग, माझ्यामागे नको.

सून: संध्याकाळी सांगू. दोघं मिळून.

सासरे: बेल वाजली?

सून: तोच असणार. पदर नीट आहे ना माझा? डोळे लाल दिसतायत का?

सासरे: दिसतायत. भिंगामुळे झालेत म्हण. जा.

सून: पेटी द्या ती. येते मी.

सासरे: सूनबाई, एक मिनिट. उद्या मी परत विचारेन तुला, याला तेल का नाही लावलंस म्हणून.

सून: विचारा की.

सासरे: तेव्हा, काल सांगितलं होतं, असं नको म्हणूस. झोक्यापासून सांग. ते मला कळतं.